सबनीसचा लाल ठिपका

ज्याच्याबद्दल लिहायचं तो माणूस आपला लाडका असावा, निदान लिहिता लिहिता तरी व्हावा, अशी अपेक्षा असते. मी पुष्कळ वर्षं वाट पाहिली. सबनीस काही लाडका झाला नाही. तो हल्ली हॅनोव्हरच्या बाजूला असतो, ठणठणीत आहे, आणि दर दिवाळीला सगळ्यांना मिळून एकच ईमेल पाठवतो. खालचं 'सबनीस परिवार' वाचलं की मी जेवताना पुन्हा तीच गोष्ट काढतो. शुभा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "एवढं होतंय तर लिहून टाक एकदाचं. आम्हाला जेवताना ऐकवू नकोस." म्हणून हा खटाटोप.

युरोच्या नोटा अजून कोऱ्या करकरीत वाटायच्या त्या दिवसांतली गोष्ट. जर्मनीत नेकारसुल्मला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघं होतो. मी टेस्टिंगमध्ये. म्हणजे दाराचं हँडल यंत्राकडून दिवसभर उघडबंद करून घ्यायचं आणि संध्याकाळी 'अजून चालतंय' असं लिहायचं. एका इंजिनिअरला आयुष्यात याहून जास्त काही जमू शकतं हे मला सबनीसकडे बघून कळायचं. तो कॉस्ट रिडक्शनमध्ये होता. कुठल्याही वस्तूतून काय काढलं तरी ती वस्तूसारखी दिसत राहील, हे शोधणं त्याचं काम.

लोक खिशाला पेन लावतात तिथे हा छोटा स्क्रूड्रायव्हर लावायचा. माणसाशी बोलताना त्याची नजर माणसाच्या डोळ्यांवर नसायची, चष्म्याच्या स्क्रूवर असायची. आणि तोंडात एकच वाक्य: "आत काय आहे ते बघ." नव्या गाडीबद्दल तेच, पुढाऱ्याबद्दल तेच, कुणाचं लग्न ठरलं तरी तेच. समोरच्यानं जरा महागाची वस्तू घेतलेली दिसली की डोळे बारीक करून विचारायचा, "लेबलचे किती पडले?"

त्याला कंजूष म्हणाल तर तसं नव्हतं. कंजूष माणूस परवडला. सबनीसच्या घरी चार माणसं बोलावली तर जेवण आठांचं असायचं. त्याचं दुखणं वेगळं होतं. जगात दोनच जाती आहेत, फसणारे आणि न फसणारे, आणि आपण दुसऱ्या जातीचे, यावर त्याचं सगळं उभं होतं. एखाद्यानं "सबनीस, तू फसलास" असं म्हणणं म्हणजे त्याच्या वडिलांचा उद्धार करण्यासारखं होतं.

आणि बहुतेक वेळा तो बरोबर असायचा, हा खरा ताप. इथे भाड्याचं घर घेतलं की स्वयंपाकघर म्हणून चार भिंती आणि नळाचं एक तोंड मिळतं. ओटा, सिंक, कपाटं, सगळं आपलं आपण आणायचं. आम्ही एका मोठ्या दुकानात तसं एक स्वयंपाकघर पसंत केलं. शुभाला रंग आवडला होता. मला तिला रंग आवडल्याचा आनंद झाला होता, म्हणजे व्यवहार संपल्यातच जमा होता. सबनीस बरोबर आला, कोट काढून माझ्या हातात दिला आणि सिंकखाली शिरला. तिथूनच ओरडला, "आपट्या, हा भुसा आहे भुसा! पहिल्या गळतीला फुगेल." मग तेच जर्मनमधून ऐकवलं, तेव्हा विक्रेता लाल झाला. आम्ही शेजारच्या दुकानातून निम्म्यात घेतलं आणि ते अजून टिकून आहे. हे मान्य करताना मला त्रास होतो, पण टिकून आहे.

मात्र कुठे थांबायचं ते त्याला कळत नसे. आमच्या ईशाच्या सहाव्या वाढदिवसाला तिला बोलणारी बाहुली मिळाली. पोट दाबलं की गाणं म्हणायची. केक कापून होईपर्यंत सबनीसनं कोपऱ्यात बसून तिची पाठ उघडली होती. "बघ, एवढीशी चिप आणि दीड दमडीचा स्पीकर. लुटतात रे!" त्यानं ती पुन्हा व्यवस्थित शिवून दिली, शुभाकडून दोरा मागून घेऊन. बाहुली काही पुन्हा गायली नाही. ईशा तिला घेऊन माझ्याकडे आली आणि जर्मनमधून म्हणाली, "पापा, या काकांनी तिला मारलं." मी सबनीसला हे मराठीत सांगितलं. तो ईशाला म्हणाला, "अगं, पण आत काय होतं ते कळलं की नाही?"

हा माणूस शिकारीच्या वाटेला गेला, त्याचं मूळ पोलादपूरच्या पलीकडे, त्याच्या गावात. तिथे त्याच्या काकांकडे ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून भात राखायला सरकारनं परवाना दिलेली. लहान सबनीसला ती कधी उडवायला मिळाली नाही. इथे आमच्या गावाच्या वर द्राक्षांचे मळे संपतात आणि जंगल सुरू होतं. त्या जंगलातली डुकरं मळ्यांत उतरून धुमाकूळ घालायची. सबनीसला वाटलं, आता आपली पाळी. इथे शिकारीच्या परवान्यासाठी, त्या याग्डशाइनसाठी, वर्षभर शिकवणी असते. झाडं, पाखरं, जनावरांचे रोग, कायदा, सगळं जर्मनमधून. हा पठ्ठ्या पहिल्या फटक्यात पास झाला. मला इथे ड्रायव्हिंगच्या लेखी परीक्षेला तीनदा बसावं लागलं होतं, त्यामुळे मी जरा जास्तच मोठ्यानं अभिनंदन केलं.

परवान्यापाठोपाठ एक जुनी रायफल आली, मोठ्या काडतुसाची, दणकट. गावच्या शिकारीचा प्रमुख म्हणजे ब्रेनर नावाचा द्राक्षमळेवाला. त्यानं नोव्हेंबरातल्या हाक्याचं आमंत्रण दिलं. हाका म्हणजे एका बाजूनं माणसं ओरडत जंगलातून चालतात आणि दुसऱ्या बाजूला शिकारी मचाणांवर थांबतात. अशा आमंत्रणासाठी लोक वर्षानुवर्षं ब्रेनरच्या पुढेमागे करतात. एकदा नीट पार पडलं की माणूस त्यांच्यातला होतो, दरवर्षी बोलावणं येतं. सबनीसला ते हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. "आपल्यातला एकही तिथवर पोचलेला नाही," तो मला म्हणाला.

फक्त एक गोष्ट राहिली होती. पळत्या डुकरावर नेम धरायला दुर्बीण उपयोगाची नाही. त्यासाठी रेड डॉट लागतो. रायफलीवर बसवायची लहानशी नळी, तिच्या काचेत तरंगणारा एक लाल ठिपका. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, ठिपका जनावरावर आला की चाप ओढायचा. मला ही माहिती कुठून, तर सबनीस मला बंदुकांच्या दुकानात घेऊन गेला होता. माझा बंदुकीचा अनुभव दिवाळीतल्या टिकल्यांपर्यंतचा, पण त्याला प्रेक्षक लागायचा.

दुकानदार शांत माणूस. त्यानं तीन ठेवले समोर. सबनीसनं आधीच सांगून टाकलं, "हे बघा, माझं बजेट लहान आहे."

"मग चैनी सोडा," दुकानदार म्हणाला. "आपोआप कमीजास्त होणारा उजेड नको, वर्षानुवर्षं चालणारी बॅटरी नको. हा घ्या, वापरलेला आहे, वरून ओरखडे आहेत. पण तुमच्या काडतुसाचा धक्का हा खातो. ठिपका जागचा हलत नाही. आणि रायफलीवर बसवायची पकड तरी चांगली घ्या. बाकी कुठेही वाचवा, या दोन ठिकाणी वाचवू नका."

"आणि तो?" सबनीसनं कोपऱ्यातल्या एका चिमुकल्याकडे बोट केलं.

"तो छऱ्याच्या बंदुकीसाठी. पोरं डबे पाडतात त्यांनी."

बाहेर आल्यावर सबनीस हसत सुटला. "ओरखडे पडलेल्याला तिप्पट किंमत! आपट्या, आत काय असतं सांगू? एक एलईडी, एक काच आणि एक बटन सेल. आमच्या डॅशबोर्डात याच्यापेक्षा जास्त माल असतो. दोन्ही एकाच कारखान्यातून येतात रे, मी असे कारखाने बघितलेत. एका पट्ट्यावर लेबल लावतात, दुसऱ्यावर नाही."

त्यानं इंटरनेटच्या लिलावातून एक मागवला. हुबेहूब महागड्यासारखा दिसणारा. अर्थातच आल्या आल्या उघडला, खात्री करून घेतली आणि बंद केला. नेम बसवायला आम्ही गावच्या शूटिंग रेंजवर गेलो. पहिल्या काही गोळ्यांत त्यानं नेम आणला आणि पुढच्या अशा मारल्या की सगळी भोकं एका वाटीखाली झाकली गेली असती. माझ्याकडे वळून तो नुसता भुवया उडवत राहिला. रेंज सांभाळणारा म्हणाला, "आता एक अख्खं खोकं संपव. मग पुन्हा बघ कुठे लागतंय." सबनीस त्याला जर्मनमधून "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाला आणि मला मराठीतून म्हणाला, "हा काडतुसं विकतो ना, म्हणून." आणि रायफल पिशवीत घातली.

म्हणजे बघा. दुसऱ्याच्या सिंकखाली शिरणारा, दर सुटा भाग जीव जाईस्तोवर तपासायला लावणारा हा माणूस. स्वतःच्या वस्तूची वेळ आली तेव्हा त्यानं ती उघडून पाहिली, पण आपटून पाहिली नाही. मी पोटापाण्यासाठी वस्तू आपटूनच बघतो. पण मला कोण विचारतंय? आणि खरं सांगायचं तर, ती वाटीखाली मावणारी भोकं बघून मीही प्रभावित झालो होतो.

हाक्याच्या दिवशी मी हाकारा होतो. सबनीसनं माझं नाव परस्पर दिलं होतं. मला भगव्या रंगाचं जाकीट मिळालं, ते पोटावर मिटत नव्हतं. सकाळी शेकोटीभोवती सगळे जमले आणि ब्रेनरनं नियम सांगितले. पिल्लांवाली मादी मारायची नाही. मचाण सोडायचं नाही. आणि गोळी लागली असं जरा जरी वाटलं तरी येऊन सांगायचं, आम्ही कुत्रा घेऊन शोधू. जखमी जनावर जंगलात सोडायचं नाही. हे शेवटचं त्यानं दोनदा सांगितलं.

सबनीसचं लक्ष होतं कुठे? तो हातोहाती आपला रेड डॉट फिरवत होता. "तुमच्यापेक्षा कितीतरी स्वस्त! आत सगळं तेच!" म्हातारे शिकारी सभ्यपणे त्यातून बघायचे आणि पुढच्याला द्यायचे. ब्रेनरनं बघितलं, "हं" म्हणाला आणि परत केला. मला तेव्हाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग आम्ही काटेरी झुडपांतून निघालो, ओरडत. बाकीचे "हॉ, हॉ" करत होते. मी जन्मात म्हैस हाकलली नाही, पण म्हशीला हाकलतात तसा "हाऽऽड हाऽऽड" करत होतो. सबनीसचं मचाण समोर दिसायला लागलं तेवढ्यात त्याच्या दिशेनं दणका ऐकू आला. पाठोपाठ एक डुक्कर, मोठंही नाही नि लहानही नाही, उलटं फिरून आमच्याच ओळीतून परत पळालं. माझ्यापासून हातभर अंतरावरून गेलं. त्याचा खालचा जबडा लोंबत होता. तोंडाच्या जागी जे काही होतं, ते मी लिहीत नाही. ते झुडपात घुसलं आणि दिसेनासं झालं.

मी ओरडलो, "सबनीस, लागलीय! जबड्याला लागलीय!"

मचाणावरून उत्तर आलं, "चुकली! पार चुकली!"

हाका संपल्यावर सगळे शेकोटीपाशी परतले. मोठ्या पातेल्यात मसुराचं सूप उकळत होतं. मी सबनीसला बाजूला घेतलं. "अरे, मी बघितलंय त्याला. माझ्या अंगावरून गेलं ते. ब्रेनरला सांग."

"चिखल असेल तोंडाला. तुला काय कळतंय शिकारीतलं?"

"चिखल लोंबत नाही, सबनीस."

"हळू बोल." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "आपट्या, मी ठिपका बरोबर छातीवर ठेवला होता. बरोबर छातीवर. जबड्याला लागली म्हणजे काय झालं, कळतंय ना तुला? सकाळी सगळ्यांना दाखवलाय मी तो."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. एका फुटक्या नळकांड्यापायी एक जनावर तोंड गमावून झुडपात पडलं होतं, आणि या गृहस्थाला काळजी होती ती सकाळच्या फुशारकीची. माझ्या हातातल्या सुपाचा वास मला सोसवेना. मी वाडगा खाली ठेवला.

ब्रेनर एकेकाला विचारत आला. "हेर सबनीस?"

"एक गोळी. चुकली."

माझं जर्मन टेस्ट रिपोर्टातलं. हँडल, स्प्रिंग, बिजागरी एवढंच अस्खलित. मी पुढे झालो आणि म्हणालो, "हेर ब्रेनर, चुकली नाही. डुक्कर, खालचा भाग, तुटलेला. मी पाहिला. माझ्याजवळून." आणि हातानं स्वतःचाच जबडा खाली ओढून दाखवला. एरवी मी असा दिसलो असतो तर कुणी तरी हसलं असतं.

कुणी सबनीसवर ओरडलं नाही. ब्रेनर फक्त "चला" म्हणाला. मचाणासमोर पानांत वाकून त्यानं काहीतरी उचललं आणि तळहात सबनीससमोर धरला. हाडाचा तुकडा होता, त्यात दोन दात.

सबनीसनं तो बघितला आणि म्हणाला, "दुसऱ्या कुणाच्या गोळीचं असेल."

त्या बाजूला दुसरं मचाणच नव्हतं.

अंधार पडायला लागला होता. कुत्रेवाला म्हणाला, आता मागे लागलो तर ते आणखी लांब पळेल, सकाळीच जायला हवं. घरी आल्यावर शुभानं विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "मला वाढू नकोस."

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, डुक्कर कुठे घुसलं ते दाखवायला मी गेलो. सबनीसही आला होता. कुत्रा लांब दोरीवर, नाक जमिनीला लावून निघाला, मागून त्याचा मालक आणि ब्रेनर. आम्हाला गाडीपाशी थांबायला सांगितलं होतं. मी झुडपांकडे बघत उभा होतो. मागे बारीक करकर ऐकू आली म्हणून वळलो, तर सबनीस गाडीच्या डिकीत बसून रेड डॉट उघडत होता.

"आपट्या, इकडे ये. सापडलं!"

मला वाटलं, डुक्कर सापडलं.

"हे बघ. काच धरणारी फ्रेम प्लॅस्टिकची आहे, आणि स्क्रू नाही, गोंद लावलाय, गोंद! चार धक्क्यांत सुटला. काच हलली की ठिपका हलला. लिलावातल्या फोटोत हे कळणारच नाही. काय डोकं आहे बघ, बरोबर इथेच वाचवलेत त्यांनी!" त्याचे डोळे चमकत होते. "मी असतो तर मीही हेच केलं असतं."

तेवढ्यात आतून कुत्र्याचं भुंकणं आलं आणि मग एकच गोळी. मी दचकलो. सबनीसनं मान वर केली नाही. तो सुटलेला गोंद नखानं खरवडून बघत होता.

इथल्या रिवाजानुसार डुक्कर पहिली गोळी मारणाऱ्याचं. ब्रेनरनं ते त्याला देऊ केलं, हात मिळवला आणि "पुढच्या वर्षी कळवतो" असं म्हणाला नाही. एवढंच. जर्मन माणूस दार लावतो तेव्हा आवाज येत नाही.

पुढच्या शनिवारी सबनीसकडे जेवण होतं. मी जाणार नव्हतो. शुभा म्हणाली, "मंगलवहिनींनी स्वतः फोन केलाय, त्यांचा काय दोष?" सबनीसच्या बायकोचा दोष नव्हताच, म्हणून गेलो. पाचसहा मराठी घरं जमली होती. त्याच डुकराचा, कोकणी मसाल्यातला तांबडा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या, कांदा. वास फार सुरेख येत होता. हे लिहितानाही मला माझ्या नाकाची लाज वाटते.

सबनीस हातात पळी घेऊन मधोमध उभा होता. "मचाणावर मी एकटा. समोरून आला, हा असा, सुसाट. दोन्ही डोळे उघडे. ठिपका छातीवर. एकच गोळी!"

"एकाच गोळीत?" कुणीतरी विचारलं.

"एकाच."

"अहो, वाढा ना आता," वहिनी म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. कदाचित कधीच बघत नसतील, पण त्या दिवशी मला ते दिसलं.

मी भात आणि कांदा खाल्ला. शेजारच्यानं विचारलं, "आपटे, तुम्ही नाही घेत?" मी म्हटलं, "घरात अंडं चालतं, पुढचं अजून ठरायचंय." सगळे हसले. विनोद केल्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. थोड्या वेळानं शुभाला खूण केली आणि बूट घालायला बाहेरच्या बोळकांडीत आलो.

सबनीस पाठोपाठ आला. पळी हातातच होती. आतलं दार त्यानं ओढून घेतलं आणि माझ्याकडे, पहिल्यांदाच माझ्या चष्म्याकडे नव्हे, माझ्याकडे बघितलं.

"आपट्या," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुझ्या जवळून गेलं ना ते. ओरडत होतं का रे?"

मी बुटाची नाडी बांधत होतो. "नाही."

"मलाही ऐकू नाही आलं. म्हणूनच म्हटलं, चुकली. लागल्यावर ओरडतं ना जनावर?"

"ओरडायला तोंड लागतं," मी म्हटलं.

पळीतून रश्श्याचा एक थेंब पांढऱ्या फरशीवर पडला, मग दुसरा. आत कुणी तरी हाक मारली, "सबनीस, अहो, पुढे काय झालं?" त्यानं खाली पाहिलं. पायातल्या मोज्यानं दोन्ही थेंब पुसले, नीट, डाग राहणार नाही असे. मग दार उघडून आत गेला, आणि मी शुभाची वाट बघत उभा असताना तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.